तू कोण, असं विचारायचं नाही

मकास्सर,
१८ नोव्हेंबर

प्रिय दादा,

सलाम. तू, तुझं इंजिन आणि तुझा खोकला, तिघंही ठिकाणावर असाल असं धरून लिहायला बसलोय. अम्मा बरी आहे. गुडघा दुखतो म्हणते आणि म्हणता म्हणता बाजार करून येते. पश्चिमेचा वारा सुरू व्हायच्या आत मी स्वयंपाकघरावरचा पत्रा बदलून घेतला. बदलून घेतला म्हणजे मीच बदलला. हाताला पट्टी आहे, म्हणून अक्षर असं.

फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तुमच्या सोरोंगला येणाऱ्या जहाजावर आपल्या गल्लीतला दाएंग लालो आचारी आहे. त्याच्या हातात देतोय, तो तुझ्या हातात देईल. फाडायचं असेल तर वाचून फाड.

आपलं शेवटचं जे बोलणं झालं, त्याबद्दल मी काही लिहिणार नाही. तूही लिहू नकोस.

मला नोकरी लागली. प्रोग्राम लिहायची. कॉलेज अर्ध्यात सोडलेल्याला कोण दारात उभं करतो ते बघतो, असं म्हणाला होतास ना? पेत्तारानी रस्त्यावर मोबाईलच्या दुकानाच्या वरच्या मजल्यावर एक खोली आहे, तिथं उभं केलं. बसायला खुर्चीही दिली. आमचं काम असं, की शहरात कुणाला काही पाठवायचं असलं तर ते कुणी न्यायचं हे आमचा प्रोग्राम ठरवतो. मोटारसायकलवाले आहेत, बेंतोर रिक्षावाले आहेत, थोडे टेम्पो आहेत. आणि आता समोरच्या बेटांवर माल न्यायचा म्हणून जोलोरो होड्या पण घेतल्यात.

तू इंजिनवाला, तुला लगेच कळेल. तुझ्या जहाजावर कप्तान वरून हुकूम देतो: पुढं, हळू, थांब. खाली इंजिन जपानी आहे की कोरियन, नवं आहे की तुझ्यासारखं कुरकुरणारं, हे तो विचारतो का? त्या हुकमांना जो जबाब देईल ते इंजिन. आत काय फिरतंय ते तुझं तू बघ. आमच्यात याला इंटरफेस म्हणतात. आमचे हुकूम असे: माल उचल, कधी पोचशील सांग, पोचव. रांगेत बेंतोर असो, टेम्पो असो, होडी असो, प्रोग्रामनं प्रत्येकाला तेवढंच म्हणायचं आणि पुढं सरकायचं. ‘तू कोण?’ असं विचारायचं नाही. हा नियम रन्नूचा.

रन्नू म्हणजे आमच्या ऑफिसातली. वयानं माझ्याएवढी, कामानं माझ्या वर. बारांग लोम्पो बेटावरची. वडील दाएंग सिक्की, त्यांची जोलोरो आहे, ‘चहाया रन्नू’, म्हणजे लेकीच्याच नावाची, आणि तीही आमच्या यादीत आहे. रन्नू आठवडाभर मावशीकडे राहते आणि शनिवारी दुपारच्या होडीनं घरी जाते. हे सगळं मला कसं माहीत असं विचारशील. एका खोलीत बसतो, कानावर पडतं.

सकाळी आली की ती बॉसला, झाडणाऱ्या मावशींना, माझ्या शेजारी बसणाऱ्या जुफ्रीला, मला, सगळ्यांना एकाच आवाजात विचारते, “खाल्लं का?” उत्तर ऐकते आणि जागेवर जाते. मी एकदा मुद्दाम “नाही” म्हणून बघितलं. तिनं डब्यातला जालांगकोते काढून पुढं केला, गरम, अंड्याचं सारण भरलेला. माझा सगळा दिवस त्यावर गेला. दुसऱ्या दिवशी जुफ्री “नाही” म्हणाला. त्यालाही दिला. मला काय त्याचं.

तर होड्यांचं काम माझ्याकडे आलं. आता तू सांग, होडीचं आणि बेंतोरचं गणित एक असतं का? बेंतोरवाला सांगतो वीस मिनिटं, आणि येतो वीस मिनिटांत. होडीला वारा आहे, भरती आहे, डिझेल संपलेला नावाडी आहे. म्हणून मी प्रोग्राममध्ये जागोजागी लिहिलं, होडी असेल तर असं कर, होडी असेल तर तसं कर. आमच्यात एकानं लिहिलेलं दुसऱ्यानं तपासून पास केल्याशिवाय पुढं जात नाही. शेरे लिहायचे, आणि ते शेरे सगळ्या ऑफिसला जातात. माझं तपासलं रन्नूनं. शेरा आला: “इथं होडीला ओळखायचं कारण काय?”

मी लिहिलं, “होडी वेगळी असते म्हणून.”

तिनं लिहिलं, “सगळेच वेगळे असतात. म्हणून तर इंटरफेस आहे. पुन्हा लिही.”

मी खुर्ची मागं ढकलून तिच्या टेबलाशी गेलो. “तुझ्याच बापाची होडी आहे, तुला कळायला नको?”

तिनं मान वरसुद्धा केली नाही. “उद्या घोडागाडी आली तर? प्रत्येकासाठी भिंतीला नवं भोक पाडत बसणार का? होडीला जे माहीत आहे ते होडीच्या पोटात ठेव. विचारणाऱ्याला कशाला सांगतोस?”

“आणि माझं काम लवकर व्हायला पाहिजे त्याचं काय?”

“ओरडू नकोस, खाली दुकानात गिऱ्हाईक आहे.”

मी लॅपटॉप इतक्या जोरात मिटला की जुफ्री म्हणाला, “हीरो, स्क्रीन तुझ्या सासऱ्यानं दिलेली नाही.” सगळे हसले. तीही हसली. त्या दिवशी मी जेवलो नाही.

पण दादा, मी पुन्हा लिहिलं, आणि तिचं बरोबर निघालं. वारा, भरती, सगळं होडीच्या आत गेलं. बाहेरून तोच प्रश्न, कधी पोचशील, आणि होडी आपलं आपण बघून उत्तर देते. सगळं स्वच्छ दिसायला लागलं. तिनं शेरा लिहिला, “छान.” (जुफ्रीलाही ती “छान”च लिहिते.)

आता ती बहिणीच्या बाळंतपणासाठी आठवडाभर बेटावर गेली आहे. ऑफिस कसं ओसाड वाटतं सांगू. म्हणजे कामाच्या दृष्टीनं. तेवढ्यात मी आणखी एक छोटंसं काम करून ठेवलंय. जुफ्रीनं तपासलं, म्हणजे तोंडात घास होता आणि ‘ठीक’चं बटण दाबलं. कुणाला कळणारही नाही, आणि जिला कळेल तिला बरंच वाटेल. सांगेन कधीतरी.

अम्माला मी लिहितोय हे माहीत नाही.

तुझा,
सहरिल

◆

मकास्सर,
९ डिसेंबर

दादा,

सलाम. उत्तर आलं नाही. दाएंग लालो म्हणतो, पत्र दिलं, तू घडी न मोडता खिशात ठेवलंस. ठीक आहे, खिशात तर ठेवलंस.

इथं पावसाळी हवा आहे, अम्माला सर्दी आहे, कोंबडीनं अंडी घालायचं थांबवलंय. आता खुशालीचं संपलं.

माझ्या हातून घोटाळा झालाय. घोटाळा म्हणू की काय म्हणू तेच कळत नाही. मी चार दिवस घरी आहे. अम्माला सांगितलंय की सुट्टी आहे. ती माझ्याकडे बघते आणि भात वाढते. तिचं असं बघणं तुला माहीत आहे.

ते छोटंसं काम मी काय केलं होतं, ते सांगतो. होड्यांच्या यादीत मी दोन-तीन ओळी घातल्या. माल आला आणि होडीचं नाव ‘चहाया रन्नू’ असलं, तर पहिला तिला विचार. बाकीच्यांना नंतर. बस, एवढंच. तांदळाची पोती, गॅसची टाकी, शाळेची पुस्तकं, जे काही बेटाकडे जाणारं असेल ते आधी दाएंग सिक्कींच्या होडीला. मला वाटलं, रन्नू बेटावरून परत येईल आणि म्हणेल, या आठवड्यात बाबांची होडी रोज भरून जात होती, काय झालं कुणास ठाऊक. आणि मी काही बोलणार नाही, नुसता हसेन. एवढंच हवं होतं मला. आपल्याला माहीत असावं आणि तिला माहीत नसावं.

झालं असं, की धक्क्यावरच्या माणसांना डोळे असतात, हे मी विसरलो. कायु बांगकोआच्या धक्क्यावर दाएंग नोम्पो म्हणून एक नावाडी आहे, त्याच्या जिभेला धार आहे. होडी भरत असताना तो सगळ्यांदेखत ओरडला, “काय सिक्की, वर ऑफिसात पोरगी बसवली की खाली होडी आपोआप भरते म्हणतात! आम्हाला सगळे पोरगेच झाले रे, आमचं नशीब.” लोक हसले. दाएंग सिक्की हसले नाहीत, भांडलेही नाहीत. होडीत चढवलेलं एकेक पोतं त्यांनी पुन्हा धक्क्यावर उतरवलं. मग होडी रिकामी घेऊन गेले आणि बेटावर वाळूत ओढून उलटी घातली. तेव्हापासून ती तशीच आहे. माणूस अंगणात बसून आहे, समुद्राकडे बघत नाही म्हणे. आपल्याकडे मानी माणूस असा बसला की घरातलं कुणी उठवायला जात नाही, तुला माहीत आहे.

वडील असे बसल्यामुळं रन्नूचं येणं लांबलं, आणि परत आली ती चेहरा दगडासारखा करून. “खाल्लं का” पण नाही. कुणालाच नाही. सकाळपासून प्रोग्रामची नक्कल काढून तपासत बसली. तिनं काय केलं माहीत आहे? नकलेत बापाच्या होडीचं नाव बदललं. नाव बदललं की माल दुसऱ्या होड्यांकडे जायला लागला. नाव पूर्ववत केलं की माल परत त्यांच्याकडे. मग तिला काय शोधायचं ते कळलं.

सगळ्या ऑफिसला जाणारा शेरा आला. “यादीत एका होडीला नावानं ओळखलं जातंय. हे कुणी लिहिलं आणि का?”

कुणी लिहिलं ते तिथं दिसतंच रे. तिला माहीत होतं. तरी तिनं विचारलं. मला वाटतं, मी तिच्याशी उठून बोलावं म्हणून विचारलं. मी दोन टेबलं पलीकडे होतो. उठून जायचं होतं फक्त. पण माझं डोकं तडकलं. इतके दिवस केलेलं सगळं तिला चोरीसारखं वाटतंय, असं मनात आलं, आणि मी तिथंच, त्या शेऱ्याच्या खालीच लिहिलं:

“मी. तुझ्यासाठी. तुला दिसत कसं नाही काही?”

बटण दाबलं. टिंग, टिंग, टिंग, खोलीतल्या सगळ्या फोनांवर वाजलं. बॉसच्या केबिनमध्येही.

ती उठून माझ्याजवळ आली. आवाज इतका हळू की मला पुढं वाकावं लागलं. “हे पुसता येत नाही, माहीत आहे ना तुला? सगळ्यांकडे गेलं.”

मी म्हणालो, “जाऊ दे गेलं तर. खोटं आहे का?”

“खरं-खोटं मी विचारलेलं नाही,” ती म्हणाली. पर्स घेतली आणि गेली. ती शनिवारच्याच होडीनं जाते, दादा. त्या दिवशी मंगळवार होता.

जुफ्री म्हणाला, “प्रेमाचं लिहायला हीच भिंत सापडली का रे बाबा?” मी त्याची कॉलर धरली. त्याचा काही दोष नव्हता. होता तर एवढाच, की न वाचता पास केलं. बॉसनी आम्हाला सोडवलं, त्या ओळी स्वतः काढून टाकल्या आणि मला सांगितलं, डोकं थंड होईपर्यंत घरी बस.

डोकं थंड होत नाही. मी सकाळी किनाऱ्याच्या रस्त्यानं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जातो आणि परत येतो. बेट दिसतं तिथून, हवा स्वच्छ असली की. वाटतं पोहत जावं. वाटतं तिथं जाऊन ओरडावं की मी वाईट काही केलेलं नाही. चोरी केली का मी? कुणाचं ओरबाडलं का? मग आठवतं, नोम्पोच्या होडीला त्या आठवड्यात काही मिळालं नव्हतं. त्यालाही पोरं आहेतच की, तोच म्हणाला.

तुला एक खरं सांगू? मला तो नियमच आवडत नाही. सगळ्यांना तेच विचारायचं, सगळ्यांना तेच द्यायचं, तू कोण असं विचारायचं नाही. मला हवंय कुणीतरी विचारलेलं. माझ्याकडे बघून, फक्त मला. तिनं एकदा जरी जुफ्रीहून वेगळं काही विचारलं असतं ना, तर त्या ओळी मी लिहिल्या नसत्या.

रन्नू परत कामावर येईल का, कुणालाच माहीत नाही. वडील असे बसले असताना ती कशी येणार. माझ्यामुळं तिचं काम गेलं, तर मी काय करीन ते मला सांगता येत नाही.

लिहिशील का काही? एक ओळ लिही. शिव्या लिही.

सहरिल

◆

मकास्सर,
२७ डिसेंबर

दादास,

सलाम. तुझी एक ओळ मिळाली. “धक्क्यावर जा, मग मला लिही.” शिव्या नाहीत, तुझा म्हणून शेवटी काही नाही, पण अक्षर तुझंच. अम्माला दाखवली नाही, पण तिनं पाकिटावरचं अक्षर ओळखलं आणि त्या दिवशी कोंबडी केली. अंडी देत नव्हती तीच.

मी गेलो. जाताना वाटेत जुफ्रीला भेटलो आणि माफी मागितली. तो म्हणाला, “कॉलरची इस्त्री तुझ्याकडे लागली.” मग म्हणाला, “मी येऊ का? मारामारी झाली तर निदान तुला ओढून आणीन.” मी एकटाच गेलो.

वारा इतका होता की एकही होडी निघाली नव्हती. सगळे नावाडी ताडपत्रीखाली साराब्बा पीत बसले होते. आल्याच्या वासानं नाक झणझणत होतं. मी बघतो तर दाएंग सिक्की पण तिथंच. रन्नूच्या मावशीकडे काही पोचवायला आदल्या दिवशी दुसऱ्याच्या होडीतून आले होते आणि वाऱ्यानं अडकले होते. स्वतःची होडी असलेला माणूस दुसऱ्याच्या होडीत बसून आला, हे मला तिथं उभ्या उभ्या कळलं. मी पळणार होतो. तेवढ्यात नोम्पो ओरडला, “या साहेब, कुणाला पुढं काढायला आलात आज?”

मी बोललो. उभा राहूनच. म्हणालो, प्रोग्राममध्ये एका होडीला पुढं काढलं ते मी. दाएंग सिक्कींना माहीत नव्हतं, त्यांच्या घरात कुणालाच माहीत नव्हतं. ऑफिसलाही नव्हतं. ज्यांचा माल गेला त्यांचा माल माझ्यामुळं गेला. ते आता काढून टाकलंय.

“का पण?” नोम्पो म्हणाला. “त्या होडीनं तुझं काय भलं केलं होतं?”

दादा, तोंडात आलं होतं. सगळंच आलं होतं. मी दात दाबून म्हणालो, “माझी अक्कल.”

“अक्कल!” त्यानं मांडीवर हात मारला. “अरे पोरा, कारण सगळ्या धक्क्याला पाठ आहे. उगाच वळसे कशाला घेतोस? मुलगी गोड आहे, त्यात लाजायचं काय?”

सगळे हसले. माझी मूठ वळली, खरंच वळली, मी एक पाऊल पुढं टाकलंही. आणि दाएंग सिक्की म्हणाले, “बस.”

मी बसलो. नोम्पोही गप्प झाला. ते त्याला म्हणाले नव्हते, पण तोही गप्प झाला.

दाएंग सिक्कींनी कप खाली ठेवला. म्हणाले, “घरात मोठं कोण आहे तुझ्या?”

“वडील नाहीत. आई आहे.”

“आई आहे. आणखी?”

“भाऊ आहे. सोरोंगला. जहाजावर.”

“बोलतो तुझ्याशी?”

मी पाण्याकडे बघितलं. त्यांनी मान हलवली, जणू मी उत्तर दिलं. “तू माझ्या होडीत पोती पाठवलीस,” ते म्हणाले. “माझ्या घरी माणूस नाही पाठवलास. होडीला कुणी काय देतो ते मला मोजता येतं. यात काय दिलंस ते मला मोजता येत नाही, आणि परत कसं करायचं तेही कळत नाही.” एवढंच. आवाज चढवला नाही.

मग नोम्पो उठला, जरा ओशाळल्यासारखा. “बरं सिक्की, वारा पडला की माझी पोरं घेऊन येतो बेटावर. होडी पाण्यात ढकलू. फार दिवस उलटी पडली की तळ फुटतो.” सिक्की म्हणाले, “तुझी पोरं खातात फार.” आणि लोक पुन्हा हसले, पण या वेळेला वेगळं हसले. होडी पाण्यात गेली, दादा. मी नव्हतो, पण जुफ्रीनं सांगितलं.

रन्नू गेल्या सोमवारी कामावर आली. मलाही बॉसनी परत बोलावलं होतं. दारातून तिनं सगळ्यांना विचारलं, “खाल्लं का?” मला पण. त्याच आवाजात. मी “हो” म्हणालो, खरं तर खाल्लं नव्हतं.

दुपारी तिनं एक काम पाठवलं आणि तपासायला मला दिलं. मुद्दाम मला. तिनं इंटरफेसमध्ये एक नवा प्रश्न घातला होता, सगळ्यांच्या आधी विचारायचा: ‘नेशील का?’ आम्ही आतापर्यंत हुकूमच देत होतो. उचल, सांग, पोचव. नाही म्हणायची सोयच नव्हती कुणाला. वादळ असलं तरी होडीला काहीतरी वेळ सांगावीच लागायची, मग ती दहा तास सांगायची, आणि लोक आम्हाला शिव्या द्यायचे. आता बेंतोरवाला म्हणू शकतो नाही, मुलगा आजारी आहे. होडी म्हणू शकते नाही, वारा आहे. आणि नाही म्हटलं म्हणून रांगेतून कुणी मागं जात नाही. मी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचलं. चूक सापडावी म्हणून वाचलं. सापडली नाही. “छान” लिहिलं.

संध्याकाळी ती जिन्यात थांबली होती. खालच्या दुकानातला दिवा तिच्या चपलेवर पडला होता. मी म्हणालो, “मला तुझ्याशी—”

“आधी मी,” ती म्हणाली. “त्या शेऱ्यावर तू सगळ्यांसमोर लिहिलंस. मी तिथं काय उत्तर देणार होते? हो म्हटलं तर सगळं ऑफिस, नाही म्हटलं तर सगळं ऑफिस.”

“मग इथं सांग.”

“इथं पण तू जिना अडवून उभा आहेस, सहरिल.”

मी बाजूला झालो. ती गेली नाही. म्हणाली, “मागणी घालायच्या आधी आपल्यात पाखरू का पाठवतात, कधी विचार केलास? घरातलं मोठं माणूस येतं, इकडचं तिकडचं बोलतं, या घरची फुलं कुणी तोडली आहेत का विचारतं. सगळ्यांकडून असंच येतं. राजाचा मुलगा असू दे नाहीतर मासेवाला. मला ते जुनाट वाटायचं. पण त्यात मला नाही म्हणता येतं. पाखरू उडून जातं, आणि कुणाची मान खाली जात नाही. ना तुझी, ना माझ्या बाबांची. तू बाबांच्या होडीत तांदूळ भरलास. त्याला मी नाही कशी म्हणणार होते, सांग. मला विचारलंच नव्हतंस.”

“मी वेगळं काहीतरी करत होतो,” मी म्हणालो. “सगळ्यांसारखं नाही. तुझ्यासाठी.”

“माहीत आहे.” आणि मग, “सगळ्यांच्या दारानं आलास म्हणून तू सगळ्यांसारखा होत नाहीस. आत आल्यावर कळतंच की कोण आहे ते.”

“मग उत्तर काय?”

“मला माहीत नाही,” ती म्हणाली. चिडून नाही, खरंच. “आत्ता विचारलंस तर नाही.” आणि दोन पायऱ्या एकदम उतरून निघून गेली. तेव्हापासून मी ‘आत्ता’ या शब्दावर जगतोय. झोप नाही, जेवण नाही. जुफ्री म्हणतो, असाच राहिलास तर पाखरू येईपर्यंत पिसंच उरतील.

आता जे मी लिहायचं टाळत आलोय ते लिहितो.

मी कॉलेज सोडलं त्या दिवशी तू फोनवर ओरडलास आणि मी म्हणालो, माझा बाप व्हायला येऊ नकोस. तू म्हणालास बरं, आणि ठेवलास. मी मास्तरांशी भांडून निघालो होतो, तू समोर सापडलास. पण खोटं बोलणार नाही, ते नुसतं रागाचं नव्हतं. तू पंधराव्या वर्षी जहाजावर गेलास आणि तिथून आमच्यासाठी सगळं ठरवत आलास, मी कुठल्या शाळेत जायचं, काय शिकायचं. ‘शिकशील का?’ असं तू मला कधी विचारलं नाहीस. आणि ‘जाशील का?’ असं तुला कुणी विचारलं नव्हतं, हे मला या महिन्यात पहिल्यांदा सुचलं. त्या जिन्यात सुचलं. बाबा गेले आणि दुसऱ्या आठवड्यात तुझी पिशवी दारात होती. अम्मानं विचारलं नसणार. मी तर लहान होतो.

म्हणून आता विचारतो. हुकूम नाही, गळ पण नाही. दादा, जाशील का?

मार्चमध्ये वारा पडतो तेव्हा तुमचं जहाज इथं येतं, दाएंग लालोनं सांगितलं. बारांग लोम्पोला दाएंग सिक्कींच्या घरी, बाबांच्या जागी, माझं पाखरू होऊन. अम्मा सोबत येईल, मी तिला विचारीन. तिथं माझी बाजू उजळ करून सांगू नकोस. चिडका आहे, कॉलेज अर्धं सोडलंय, एकदा मोठी चूक केली, नंतर सगळ्यांसमोर कबूल केली, काम बरं करतो, एवढं सांग. त्यांनी नाही म्हटलं तर चहा पिऊन ये. तिनं नाही म्हटलं तरी चहा पिऊन ये.

आणि तुलाच जायचं नसेल तर तसं लिही. त्यासाठी कारण लागत नाही. मी ओरडणार नाही. दुसऱ्या कुणाला पाठवणारही नाही.

गेलास, तर त्या दिवशी मी घरी बसेन. धक्क्यावर येणार नाही, किनाऱ्यानं फेऱ्या मारणार नाही, कुणाला काही लिहिणार नाही. तुम्ही परत येईपर्यंत त्या घरात काय बोलणं झालं असेल त्याचा अंदाजसुद्धा करणार नाही. हे शेवटचं जमेल की नाही माहीत नाही. बाकीचं जमवीन.

गप्प बसायला शिकत असलेला
तुझा धाकटा,
सहरिल